‘पारंपरिक’ असं छापण्याआधी

प्रश्न गोव्यातल्या वाळपईजवळच्या एका गावातून आलाय. विचारणारा सत्तावीस वर्षांचा, पतसंस्थेत नोकरीला. गावचा घुमटआरतीचा मेळ, म्हणजे घुमट या मातीच्या, चामडं ताणलेल्या वाद्यावर आरत्या म्हणणारी मंडळी, आणि मांडावर, म्हणजे ठरलेल्या अंगणात, धालो ही बायकांची गाणी गाणाऱ्या आज्या, यांचं रेकॉर्डिंग करून स्वतःचं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, काढायचं त्याच्या मनात आहे. अमेरिकेतल्या ख्रिस स्ट्राकविट्झ नावाच्या माणसाने एकट्याने आरहूली रेकॉर्ड्स उभं केलं असं त्याने ऐकलंय. त्याला ते कसं जमलं, गोव्यात आज जमेल का, नोकरी सोडू का आणि एलपी, म्हणजे मोठी तबकडी, काढू का, असे चार प्रश्न आहेत. मला ‘काका’ म्हणून लिहिलंय, म्हणून मीही ‘तू’च म्हणतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते सोपं आहे. नोकरी सोडू नको. स्ट्राकविट्झनेही लगेच सोडली नव्हती. तो कॅलिफोर्नियात लॉस गॅटोसच्या शाळेत जर्मन शिकवायचा. पहिली रेकॉर्ड १९६० साली निघाली आणि शाळा सुटली ती १९६२ मध्ये. त्याही आधी जुन्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या कबाडातून उचलायच्या आणि शौकिनांना टपालाने विकायच्या, असा त्याचा जोडधंदा होता. रेकॉर्डिंगला निघायचे पैसे त्यातून यायचे. मीही फोंड्याला १९८९ पासून एकोणीस वर्षं कॅसेटी काढल्या, एकूण एकेचाळीस. त्या काळात घर चाललं ते दुकानात रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करून. लेबलवर चाललं ते फक्त लेबल, आणि तेही अधूनमधूनच.

आता त्याचं चरित्र. जन्म १९३१ चा, तेव्हा जर्मनीत असलेल्या सायलेशिया प्रांतातल्या सरदार घराण्यातला. महायुद्ध संपताना रशियन फौजा आल्या, घरदार सुटलं, आणि १९४७ मध्ये कुटुंब अमेरिकेत पोचलं. भाषा परकी, शाळेत पोरं उच्चारांवरून हसायची. त्या मुलाला रेडिओवर गावठी गाणी सापडली आणि तो त्यांचाच झाला. बाहेरून आलेल्या माणसाला कधीकधी घरच्यांपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. आपल्याकडेही पणजीच्या एखाद्या पाहुण्याने घुमटाबद्दल विचारलं की मगच गावातला मुलगा आपल्या आजोबांच्या घुमटाकडे बघतो. असो.

१९५९ च्या उन्हाळ्यात तो टेक्ससमधल्या ह्यूस्टनला लायटनिन हॉपकिन्सला शोधत गेला. हा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची गाणी, गाणारा गवई. एका छोट्या दारूच्या गुत्त्यात हॉपकिन्स गिटार घेऊन बसला होता. पावसाने रस्ते तुंबलेत आणि ओलीने खांदा दुखतोय, हेच तो गाण्यात घालत होता, तिथल्या तिथे, समोरच्या माणसांना उद्देशून. स्ट्राकविट्झला वाटलं, रेकॉर्डवर हे कुठे येतं? स्टुडिओत तेच गाणं वेगळं होतं. तेव्हा त्याच्याजवळ यंत्र नव्हतं. पुढच्या वर्षी तो यंत्र घेऊन परत टेक्ससला गेला, पण हॉपकिन्स सापडला नाही. तो कॅलिफोर्नियाला गेला होता. मग स्ट्राकविट्झ आणि त्याचा मित्र मॅक मॅकॉर्मिक गावोगाव विचारत हिंडले आणि नॅव्हसोटा नावाच्या गावी मान्स लिप्सकमपाशी पोचले. पासष्टीचा माणूस, जन्मभर दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती केलेला. आयुष्यात एकही रेकॉर्ड नाही. तो कामावरून येईपर्यंत हे दारात थांबले आणि आल्यावर त्याच्या घरातच, एका मायक्रोफोनवर, गाणी घेतली.

तीच आरहूलीची पहिली एलपी. प्रती अडीचशे. जॅकेटवरचे कागद मित्रमंडळींनी टेबलाभोवती बसून हाताने चिकटवले. ‘आरहूली’ हे नावही मॅकॉर्मिकनेच सुचवलं. शेतात राबताना मजूर जी हाळी घालतात, तिचं हे एक नाव. माझी पहिली कॅसेट तीनशे प्रतींची होती. इनले कार्डं, म्हणजे डबीत घालायचे छापील कागद, मी आणि माझ्या बहिणीने माजघरात बसून दुमडली. त्यातली साठ उलटी दुमडली गेली. कदाचित म्हणूनच मला तो अडीचशेचा आकडा वाचला की आपल्याच घरचं कोणीतरी वाटतं.

इथवरचं सगळ्यांना आवडतं. गाडी, यंत्र, धूळ, म्हातारा गवई. तुझ्या प्रश्नातही मला तेच दिसलं. पण अडीचशे प्रतींचं लेबल काढणारे तेव्हा अमेरिकेत पुष्कळ होते, आणि त्यातले बहुतेक चार-पाच वर्षांत संपले. आरहूलीची साडेतीनशेहून जास्त आल्बम निघाली. २०१६ मध्ये ते सगळं भांडार स्मिथसोनियन या सरकारी संग्रहालय-संस्थेच्या फोकवेज लेबलकडे गेलं. आजही ते ऐकायला आणि विकत मिळतं. २०२३ मध्ये एक्क्याण्णवाव्या वर्षी स्ट्राकविट्झ गेला. मग हे कशामुळे टिकलं? कान चांगला होता हे खरं, पण कान चांगला असलेले इतरही होते. माझ्या मते टिकलं ते कागदामुळे.

दोन गोष्टी सांगतो. १९६५ मध्ये बर्कलीला कंट्री जो मॅक्डोनल्ड नावाचा एक पोरगा आपल्या मंडळींसह त्याच्याकडे आला. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातली गाणी होती, मोर्चात विकायला छोटी रेकॉर्ड हवी होती. स्ट्राकविट्झने आपल्या घराच्या बैठकीत रेकॉर्डिंग केलं. त्यांच्याकडे द्यायला पैसे नव्हते, तेव्हा त्याने गाण्याचे प्रकाशन-हक्क मागितले आणि तसं लिहून घेतलं. चार वर्षांनी ते गाणं वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात लाखोंच्या समोर म्हटलं गेलं, सिनेमात आलं, त्याची रेकॉर्ड निघाली. जो पैसा आला त्यातून स्ट्राकविट्झने एल सेरिटो गावात इमारतीचा पहिला हप्ता भरला. कचेरी, गोदाम आणि १९७६ पासून डाउन होम म्युझिक हे दुकान, सगळं तिथेच. म्हणजे ब्लूजच्या आणि मेक्सिकन कोरिदोंच्या (कथागीतांच्या) रेकॉर्डींना छप्पर मिळालं ते त्याच्या आवडीच्या कोणत्याही गाण्यातून नव्हे, बैठकीत फुकट केलेल्या एका कामाच्या कागदातून.

या गोष्टीची दुसरी बाजूही आहे. फी ऐवजी हक्क घेणं तेव्हा त्या पोरांना फुकटात सुटल्यासारखं वाटलं असेल, पण पुढे केवढं मोठं निघालं! मला स्वतःला हा व्यवहार पूर्ण पचत नाही. निदान तो उघड होता, लिहिलेला होता आणि दोघांनाही ठाऊक होता, इतकंच.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. मिसिसिपी फ्रेड मॅकडॉवेल हा असाच शेतकरी गवई. त्याने आरहूलीसाठी म्हटलेलं एक गाणं १९७१ मध्ये रोलिंग स्टोन्स या गाजलेल्या इंग्लिश रॉक बँडने आपल्या आल्बमवर घेतलं. असली गाणी जुनी, देवळातली, सगळ्यांची, त्यामुळे कोणालाच पैसे द्यायचे नसतात, हा तिकडेही सर्रास चालणारा समज. स्ट्राकविट्झने हक्क नोंदवून ठेवले होते. त्याने मागणी केली, भांडला, पैसे काढले आणि धनादेश मॅकडॉवेलच्या हातात दिला. इतकी मोठी रक्कम त्या माणसाने जन्मात पाहिली नव्हती. १९७२ च्या उन्हाळ्यात मॅकडॉवेल वारला. थोडक्यात, पैसे वेळेत पोचले.

माझे पोचले नाहीत. हे सांगायलाच हवं, नाहीतर वरचं सगळं पुराण होईल.

१९९४ साली मी अंत्रुजातल्या, म्हणजे फोंडा भागातल्या, एका भजनी मंडळाची कॅसेट काढली. त्यात दोन पदं एका म्हाताऱ्या बुवांनी स्वतः रचलेली होती. शब्द त्यांचे, चालही त्यांची. इनले कार्डावर गीतकार म्हणून काय टाकू, असं मी विचारलं. ते म्हणाले, “नांव कित्याक जाय? देवाचें पद तें.” (नाव कशाला हवं?) मला बरंच वाटलं, एक ओळ वाचली. मी छापलं, ‘पारंपरिक’. करार नाही, पावती नाही. मानधन पाकिटात घालून दिलं, वर नारळ. सहा-सात वर्षांनी त्यातलं एक पद बाहेरच्या एका मोठ्या कंपनीच्या भक्तिगीतांच्या कॅसेटवर आलं, कोरससकट, माझ्याच कॅसेटवरून उचललेल्या चुकांसकट. एका ओळीत बुवांनी गाताना शब्द गिळला होता, तिथे तिकडच्या गायिकेने भलताच शब्द घातला होता. त्यावरूनच कळलं की हे कुठून आलं. मी पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं होतं, आणि सोबत माझ्याच इनले कार्डाची झेरॉक्स, ‘पारंपरिक’ या शब्दाखाली लाल रेघ मारलेली. बुवा तेव्हा हयात होते. त्यांना मी काही सांगितलं नाही. ती कॅसेट जत्रेत वाजायची तेव्हा ते आनंदाने म्हणायचे, बघ, मुंबईपर्यंत गेलं.

दोष त्या कंपनीचा होताच, पण त्यांच्या हातात कोलीत मी दिलं होतं.

म्हणून तुला पहिलं काम सांगतो ते यंत्राचं नाही, वहीचं आहे. मेळात किंवा मांडावर जे गातात त्यातलं काय खरोखर जुनं आणि कोणाचंच नाही, काय संतांचं, आणि काय गावातल्याच कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी रचलेलं, हे एकेका पदामागे बसून विचार. समर्थांची आरती सतराव्या शतकातली, तिच्या शब्दांवर कोणाचा हक्क नाही. पण गोव्यातल्या मेळांमधल्या पुष्कळ आरत्या आणि पदं गेल्या शंभर वर्षांतल्या गावच्याच रचनाकारांची आहेत. काहींच्या शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव गुंफलेलंही असतं, आपलंच लक्ष नसतं. आपल्या कायद्यात शब्दांवरचा आणि चालीवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो. तेव्हा आजोबा १९७० मध्ये वारले असतील तर त्यांची नातवंडं हक्कदार आहेत. तू ‘पारंपरिक’ छापलंस की तू त्यांचं घर पुसलंस.

कराराबद्दल व्यवहारापुरतं सांगतो, मसुदा मात्र वकिलाकडून वाचून घे. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते काढणाऱ्याचा, म्हणजे तुझा, आणि प्रकाशनानंतर साठ वर्षं. गाण्याचा हक्क वेगळा, तो रचनाकाराचा. गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क आणखी वेगळा. तिन्हींची गल्लत करू नको, तिन्हींसाठी वेगळी वाक्यं लिही. रचनाकाराकडून हक्क लिहून घेताना मुदत लिहिली नाहीस तर कायदा ती पाच वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाहीस तर फक्त भारत. हक्क घेऊन वर्षभर काहीच केलं नाहीस तर तो परत जातो, वेगळं लिहिलं नसेल तर. आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून शब्दकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला समान वाटा सही घेऊनही काढून घेता येत नाही. म्हणजे एकरकमी पाकीट दिलं, आता विषय संपला, हे माझ्या काळातलं चलन आता चालत नाही. चांगलंच झालं. करार मराठीत कर, सही करणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखव, आणि वाचून दाखवतानाचंही रेकॉर्डिंग ठेव. आज्यांपैकी एखादी अंगठा लावणारी असेल, तिच्या बाबतीत तर नक्कीच.

मेळाचा प्रश्न नाजूक असतो. मेळ म्हणजे बारा-पंधरा माणसं, दरवर्षी एकदोन बदलणारी. सही कोणाची घ्यायची? म्होरक्याची एकट्याची घेतलीस तर चतुर्थीला भांडण ठरलेलं. मी पुढे पुढे असं करत असे की रेकॉर्डिंगला जे हजर ते सगळे कागदावर, आणि मिळकतीचा एक भाग मेळाच्या नावाने देवस्थानच्या किंवा मंडळाच्या खात्यात. हिशेब वर्षातून एकदा, ठरलेल्या दिवशी, शंभर रुपये आले असतील तरी. काही मेळांना मी एकशे चाळीस रुपयांचे धनादेश पाठवलेत. एकाने तो फ्रेम करून लावला, वटवलाच नाही. माझं खातं त्यामुळे तीन वर्षं जुळत नव्हतं.

धालोचं आणखी वेगळं. पौषातल्या रात्री, मांडावर, ठरलेल्या क्रमाने ती गाणी येतात. आज्यांना म्हणालास की वैशाखात दुपारी स्टुडिओत येऊन गा, तर बहुतेक जणी नाही म्हणतील. मला एकीने सांगितलं होतं, मांड भरल्याशिवाय ते गाणं तोंडात येत नाही, आलं तर आणू नये. अशा वेळी आग्रह करू नको. पौषात जा, पहिल्या रात्री यंत्र पिशवीतच ठेव. आणि काही गाणी घेतलीस तरी प्रकाशित करायची नाहीत, असं ठरू शकतं. ते ठरवणं त्यांचं. लेबलचं नुकसान होईल, होऊ दे.

स्ट्राकविट्झ इथे कसा वागला असता? प्रामाणिकपणे सांगायचं तर थोडा हट्टीपणाने. क्लिफ्टन शेन्ये हा लुइझियानातला ॲकॉर्डियन वाजवणारा, हॉपकिन्सचा नात्यातला. हॉपकिन्सनेच स्ट्राकविट्झला त्याच्याकडे नेलं. १९६४-६५ ची गोष्ट. शेन्येला रेडिओवर चालेल असं इंग्रजी, झणझणीत काहीतरी करायचं होतं. स्ट्राकविट्झला हवं होतं ते घरचं, फ्रेंचमधलं झायडेको, म्हणजे लुइझियानातल्या कृष्णवर्णीयांचं नाचाचं संगीत. शेवटी तोडगा निघाला, अर्धं तुझं, अर्धं माझं. पुढे शेन्ये झायडेकोचा राजा म्हणून गाजला, तेव्हा हट्ट फळला असं म्हणतात. पण ‘अस्सल’ काय ते गवयाने ठरवायचं की टेप फिरवणाऱ्याने? माझ्याकडे एक घुमटाचा मेळ आला होता, पोरं तरुण, त्यांना आरतीत कीबोर्ड घालायचा होता. मी साफ नाही म्हणालो. ती पोरं दुसरीकडे गेली आणि त्यांची कीबोर्डवाली कॅसेट माझ्या सगळ्या कॅसेटींपेक्षा जास्त खपली. आज ऐकली तर त्यातला कीबोर्ड कानाला टोचतो, पण घुमट उत्तम आहे, आणि ते रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. मी त्या वेळी स्ट्राकविट्झसारखं ‘एक बाजू तुमची, एक माझी’ म्हटलं असतं तर? कॅसेटीला बाजू तर दोनच होत्या, सुचायला हवं होतं.

रेकॉर्डिंगचं थोडं सांगतो. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कांसाळें (मोठ्या झांजा) एकत्र वाजले की कांसाळें सगळं खाऊन टाकतं. नवखा माणूस प्रत्येकापुढे एकेक माइक लावतो, आणि प्रत्येक माइकमध्ये कांसाळेंच भरतं. जागा बदल, माइक वाढवू नको. दोन माइकची एक जोडी, साधारण छातीच्या उंचीला. गाणारे सर्वांत जवळ, घुमटवाले त्यांच्या मागे अर्धवर्तुळात, शामेळ एका कडेला, कांसाळेंवाला सर्वांत मागे, आणि त्याला गोड बोलून पाठ फिरवून बसव. घुमटाचा खर्ज चामड्याच्या तोंडातून जितका येतो तितकाच मागच्या उघड्या तोंडातून, डाव्या तळहाताच्या उघडझाकीने येतो. म्हणून माइक चामड्याच्या अगदी समोर नको. सभामंडपात फरशी आणि छत यांच्यामध्ये आवाज घुमत राहतो. चटया, सतरंज्या, अंथरुणं, जे मिळेल ते जमिनीवर टाक. पातळी ठेवताना सुवारीचा, म्हणजे या वाद्यांच्या एकत्र वादनाचा, शेवट लक्षात घे, सुरुवात नाही. लय चढते तसा आवाज दुप्पट होतो, सुरुवातीला काटा अर्ध्यावर दिसला पाहिजे. चामडं शेळीचंच आहे ना तेही विचार. घोरपडीच्या कातड्याला वन्यजीव कायद्याने बंदी आहे, आणि झाकणावर घोरपडीच्या घुमटाचा फोटो छापून तू मेळाला अडचणीत आणशील. आता २०१९ पासून घुमट हे गोव्याचं राज्य-वाद्य, तेव्हा बघणारेही वाढलेत.

एक सुख तुझ्या पिढीला आहे. माझ्या सी-६० कॅसेटीत एका बाजूला तीस मिनिटं. पस्तीस मिनिटांची आरती रंगात आली की मी खिडकीतून बोट वर करायचो, पाच मिनिटं राहिली. रंगाचा बेरंग. आमच्याआधी तर साडेतीन मिनिटं होती. केसरबाई केरकरांसारख्या गायिकेला ७८ च्या तबकडीच्या एका बाजूवर राग उभा करावा लागला. त्यांना रेकॉर्डिंगचं फारसं प्रेम नव्हतं यात नवल नाही. पण त्यातलीच एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर या अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीसाठी निवडली गेली, आणि गंमत अशी की निवडणाऱ्यांना ती रेकॉर्डच मिळेना. छापणं बंद झालेलं. न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. केरीच्या केसरबाई सूर्यमालेबाहेर निघाल्या त्या एका दुकानदाराने माल फेकला नाही म्हणून. एक यान ऑगस्टमध्ये सुटलं, दुसरं सप्टेंबरमध्ये, आणि त्याच सप्टेंबरमध्ये केसरबाई गेल्या.

त्यावरून मोझेस ॲशची आठवण होते. न्यूयॉर्कचा हा माणूस स्ट्राकविट्झच्याही आधीचा, १९४८ मध्ये त्याने फोकवेज काढलं. १९८६ मध्ये तो वारला तोवर दोन हजारांवर आल्बम, आणि नियम एकच, एकदा काढलेली रेकॉर्ड बंद करायची नाही. वर्षाला पाच प्रती खपल्या तरी ती यादीत राहणार. बेडकांचे आवाज, कारखान्याचे आवाज, कवितावाचन, सगळं. पुढच्या वर्षी स्मिथसोनियनने भांडार घेतलं ते सगळं उपलब्ध ठेवण्याच्या अटीवरच. नंतर आरहूलीही तिथेच गेलं. दोघांचा हिशेब वेगळा असला तरी सवय तीच. स्ट्राकविट्झने मेक्सिकन-अमेरिकन गाण्यांच्या जुन्या तबकड्या अशाच कोणाला नको असताना गोळा केल्या, आणि आज लाखाहून जास्त ध्वनिमुद्रणांचा तो संग्रह लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डिजिटल झालाय. त्या कामाला पैसा दिला तो लॉस टिग्रेस देल नोर्ते या त्याच परंपरेतल्या गाजलेल्या बँडने. आपल्याकडे असा बँड कोण, याचा मी विचार करतो. नाव सुचत नाही.

ॲशची सवय तुला फुकटात पाळता येईल, कारण आता गोदाम नको. पण गोदाम नको म्हणजे जपणूक नको असं नाही. माझ्या एकेचाळीस मास्टर टेपपैकी नऊ गेल्या. पावसाळ्यातली दमट हवा, लाकडी कपाट, मागची भिंत ओली. पांढरी बुरशी टेपच्या कडेने चढते आणि बाहेरून दिसत नाही. उरलेल्या आता मी एकेक करून उतरवतोय. आधी डब्यात सिलिका जेल घालून कोरड्या होऊ देतो, मग हाताने एकदा पूर्ण फिरवतो, टेप हेडवर दाबून धरणारी गादी निसटली असेल तर कवच बदलतो. मग डेकच्या टेप वाचणाऱ्या हेडचा तिरकसपणा त्या त्या टेपप्रमाणे स्क्रूने जुळवतो, आणि मगच संगणकावर उतरवायला घेतो, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ अशा वरच्या दर्जात. हेड न जुळवता उतरवलेलं रेकॉर्डिंग घोंगडी पांघरून गायल्यासारखं येतं, आणि नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने ते उघडत नाही. तू जे करशील ते तीन ठिकाणी ठेव. त्यातली एक प्रत घाटाच्या पलीकडे, कोरड्या गावी. माझी सोलापूरला मेहुणीच्या कपाटात आहे.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. माझ्या काळात विक्री जत्रेत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आणि आखातातल्या लोकांच्या सुट्टीत व्हायची. तियात्राच्या, म्हणजे कोंकणी संगीत नाटकांच्या, कॅसेटी आखातात खोक्यांनी जायच्या, माझ्या मराठी आरत्या त्यांच्या कोपऱ्यात बसून जायच्या. कॉपी करायला मास्टर मुंबईला जायची. तिथे एका कारखान्याने माझ्या ऑर्डरपेक्षा जास्त प्रती काढून बाजारात सोडल्याचं मला मालवणच्या एका टपरीवर कळलं. तो सगळा खेळ आता नाही. आता इंटरनेटवर ऐकण्यागणिक पैसे, तेही पैशातच मोजण्याइतके. तरी प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाची ओळख पटवणारा, क्रमांक घे, बारा अक्षर-अंकांचा असतो आणि भारतात तो इंडियन म्युझिक इंडस्ट्री या संस्थेकडून मिळतो. रचनाकार हयात असेल किंवा वारस असतील तर त्यांना आयपीआरएसचं, म्हणजे रचनाकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद करून दे. व्हिडिओ साइटवर टाकलेलं तुझं रेकॉर्डिंग तिथल्या तपासणी-यंत्राने दुसऱ्याच कंपनीचं ठरवून टाकलं, असं एकदा तरी होईलच. सुखकर्ता सगळेच गातात, यंत्राला फरक कळत नाही. तेव्हा वही, करार आणि मूळ फाइल तारखेसह समोर ठेवता आली पाहिजे. मॅकडॉवेलचा धनादेश असाच निघाला होता.

शिवाय रेडिओ विसरू नको. स्ट्राकविट्झने बर्कलीच्या केपीएफए केंद्रावर तीस वर्षं साप्ताहिक कार्यक्रम केला. आमचं नाव गावोगाव पोचलं तेही आकाशवाणी पणजीमुळेच. आज्यांना मोबाइलवरचा दुवा पाठवून उपयोग नाही, पण रेडिओवर नाव घेतलं की गावभर सांगतात.

राहिला प्रश्न एलपीचा. हौस म्हणून शंभरेक प्रती काढायच्या तर काढ, पैसे परत येतील ही अपेक्षा न ठेवता. पण मी तुझ्या जागी असतो तर तोच पैसा छापील पुस्तिकेत घातला असता. शब्द, कोणत्या वेळी गातात, कोणाकडून शिकले. मराठी की कोंकणी हा वाद त्यात आणू नको. घरी कोंकणी बोलतात आणि आरती मराठीत म्हणतात, तेच तसंच लिही. पदांचे शब्द गाणाऱ्यांनी म्हटले तसे छाप, शुद्ध करू नको. आणि नावं सगळी, घराण्यासकट, वाड्यासकट, कांसाळेंवाल्याचंसुद्धा. कव्हरवर जागा कमी पडली तर फोटो लहान कर.